‘सध्या काय वाचताय?’ : आमच्या वाचनकट्ट्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जण जमतो आणि कोण काय वाचतंय ते प्रत्येकी दोन मिनिटांत एकमेकांना सांगतो. विषय तीनच: फॅन्टसी, अभिजात कादंबऱ्या आणि ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रकथेची पुस्तकं. निमंत्रक मी, त्यामुळे फोन आणि मेसेज मलाच येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. शेवटी उत्तरं एकदाची लिहून काढली. यापुढे कुणी विचारलं, तर मी हेच पाठवणार आहे.

१. दोन मिनिटांत नेमकं काय सांगायचं? परीक्षण लिहून आणावं लागतं का?

अजिबात नाही. पुस्तक कोणतं, तुम्ही कितव्या पानावर आहात आणि तिथे काय चाललंय, एवढं पुरे. ‘लेखकाने मानवी मनाचा ठाव घेतला आहे’ हे वाक्य कट्ट्यावर बंद आहे. ते कुठल्याही पुस्तकाला लागू पडतं, म्हणजे कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाही.

मागे बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले होते. म्हणाले, “मी ‘मॉबी-डिक’च्या १३५ प्रकरणांपैकी बत्तिसाव्यात आहे आणि गोष्ट थांबली आहे. लेखक देवमाशांची वर्गवारी करत बसलाय. ती पण कशी, तर छापखान्यातल्या कागदाच्या आकारांवरून! मोठे मासे फोलिओ, मधले ऑक्टाव्हो, छोटे ड्युओडेसिमो. वर देवमासा हा मासाच आहे म्हणून भांडतो. मला आमच्या जुन्या लेजर बुकांची आठवण झाली.” संपलं. त्यांना जेमतेम दीड मिनिट लागलं, आणि त्या आठवड्यात तिघांनी ‘मॉबी-डिक’ काढलं.

२. पुस्तक अर्ध्यावर सोडलंय. तरी त्याबद्दल बोललं तर चालेल?

चालेल काय, बोलाच. कुठे सोडलंत आणि तिथेच का सोडलंत, हे मात्र सांगा. ‘बोअर झालं’ एवढ्यावर सुटका नाही. पुस्तक पुढे उघडतं की नाही, हे अनेकदा आधी वाचलेल्या कुणाला तरी माहीत असतं आणि ते सांगतात. ‘पन्नास पानं वाचून ठरवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. माझा त्यावर विश्वास नाही. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’ची पहिली पन्नास पानं म्हणजे पीटर्सबर्गमधल्या बैठकीच्या खोल्या आणि मधूनमधून फ्रेंच. तेवढ्यावर निकाल दिला तर लग्नाला जाऊन मांडवाच्या दारातूनच परत आल्यासारखं होईल. नावांचा गोंधळ हे सोडण्याचं कारण असेल, तर प्रश्न ७ पाहा.

३. ‘अभिजात’ म्हणजे किती जुनं? काही वर्षांची अट आहे का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा प्रश्न दुप्पट येतो. एकांनी तर मराठीतलं कुठलंही पुस्तक चालेल का, असं विचारलं होतं. तो शब्द भाषेबद्दलचा आहे. कट्ट्यावर ‘अभिजात’ म्हणजे क्लासिक: ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं गेलं ती पिढी गेली, तरी लोक ते विकत घेऊन वाचतात. आकडाच हवा असेल, तर पन्नास वर्षं धरा. हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ या व्याख्येत डोळे मिटून बसते. ती ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती, म्हणजे पहिल्या वाचकांना ती हप्त्यांनी मिळाली. आपणही तशीच वाचली तर? आमच्यातल्या एक बाई सध्या रोज एकच प्रकरण वाचताहेत. संध्याकाळच्या दिवाबत्तीनंतर एक प्रकरण, मग पुस्तक कपाटात. यमूची काळजी दिवसभर डोक्यात राहते म्हणतात.

४. फॅन्टसी हा इंग्रजी वाचणाऱ्या पोरांचा प्रकार ना? मराठीत आहे का काही?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांचं बालपण ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळावर गेलेलं असतं. खांद्यावरचं प्रेत गोष्ट सांगतं, उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील म्हणतं, आणि बोलल्यावर झाडावर जाऊन लटकतं. याला फॅन्टसी नाही तर काय म्हणायचं?

मराठी कादंबरीची सुरुवातही पाहा. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिली, ती विधवांच्या दुःखावर. पण त्यानंतर लोकांनी आवडीने वाचल्या त्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या. पुढे वास्तववादाला मान मिळाला आणि अद्भुत मुलांच्या खोलीत गेलं.

मोठ्यांसाठीचं हवं असेल, तर नारायण धारपांच्या समर्थांच्या कथा आहेत. भय आणि अद्भुत यांची सीमारेषा तिथे पुसट आहे. आणि जी. ए. कुलकर्णी. ‘रमलखुणा’त दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. त्यातला प्रदेश कुठल्याच नकाशावर नाही, आणि तरी वाळूची धग तळव्यांना लागते. ‘पिंगळावेळ’मधल्या ‘यात्रिक’मध्ये तर चक्क डॉन क्विक्झोट भेटतो. त्याच संग्रहातली ‘स्वामी’ वाचा. रात्रीपुरता आसरा मिळालेला माणूस मठाच्या पोटात, जमिनीखाली ‘स्वामी’ म्हणून कोंडला जातो. ड्रॅगन नाही, जादूची कांडी नाही, पण ती वाचून मी दोन दिवस खोलीचं दार लावून झोपले नव्हते. जी. एं.च्या नावापुढे फॅन्टसी हा शब्द लावल्याबद्दल माझ्यावर दोनदा टीका झाली आहे. मी शब्द मागे घेतलेला नाही.

५. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचायचंय. आधी ‘हॉबिट’, की ‘सिल्मरिलियन’, की थेट तेच?

आधी ‘हॉबिट’ (१९३७). ते लहान आहे, हलकं आहे, आणि अंगठी कुठून आली ते त्यात कळतं. मग ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. त्याचे तीन खंड १९५४-५५ मध्ये आले, पण टॉल्किनच्या लेखी ती तीन कादंबऱ्यांची मालिका नव्हतीच, सहा भागांची एकच कादंबरी होती. युद्धानंतरच्या महाग कागदाच्या दिवसांत ती एका बांधणीत काढणं प्रकाशकाला झेपणारं नव्हतं. म्हणून पहिला खंड संपल्यावर ‘हे काय, अर्धवटच सोडलं?’ असं वाटलं, तर चूक तुमची नाही.

‘सिल्मरिलियन’ने सुरुवात करू नका. टॉल्किन १९७३ मध्ये गेले आणि ते पुस्तक त्यांच्या मुलाने जुळवून १९७७ मध्ये काढलं. ती गोष्ट नाही, त्या जगाचं पुराण आहे. हरिविजय वाचायची सवय असलेल्या आमच्या एका आजींना मात्र तेच सगळ्यांत सोपं गेलं. “वंशावळ आली की पुढच्या पानावर युद्ध येणार, एवढं कळलं की झालं,” म्हणाल्या. असाही अपवाद असतो.

६. मालिका अपूर्ण आहे. सुरू करावी का?

हा ज्याच्या त्याच्या सहनशक्तीचा प्रश्न आहे. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचं (टीव्हीवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ म्हणून आली ती) पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं. सहाव्याची वाट बघताना लोकांची मुलं शाळेतून कॉलेजात गेली. उलट उदाहरण रॉबर्ट जॉर्डनचं. तो २००७ मध्ये गेला, तेव्हा ‘व्हील ऑफ टाइम’ संपायची होती. त्याने ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने ती पूर्ण केली आणि २०१३ मध्ये चौदावा खंड आला.

वाट बघायचा कंटाळा असेल, तर उर्सुला ल गुइनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) घ्या. दोनशेच्या आसपास पानं, गोष्ट त्यातच पूर्ण. त्यातला जादूगार सावळा, तांबूस-तपकिरी कातडीचा आहे. प्रकाशकांनी मुखपृष्ठावर त्याला वर्षानुवर्षं गोरा रंगवला आणि लेखिका त्याबद्दल जाहीरपणे चिडत राहिली. कट्ट्यावर पुस्तक आणलंत, तर तुमच्या प्रतीवर तो कसा आहे ते दाखवा. आम्ही ते बघतो.

टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’च्या ४१ कादंबऱ्या बघून घाबरू नका. त्या क्रमाने वाचाव्या लागत नाहीत. ‘गार्ड्स! गार्ड्स!’ किंवा ‘स्मॉल गॉड्स’ने सुरुवात करा, पहिल्या दोन पुस्तकांत लेखकाचा हात अजून बसायचा होता.

७. रशियन कादंबऱ्यांतली नावं लक्षातच राहत नाहीत. एकाच माणसाची चार नावं का?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारू नये! रशियन नाव अगदी आपल्या शाळेच्या दाखल्यासारखं असतं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ‘वॉर अँड पीस’मधला आंद्रेई निकोलायेविच बोल्कोन्स्की म्हणजे निकोलाय यांचे चिरंजीव आंद्रेई. त्याची बहीण मारिया निकोलायेव्हना; वडील तेच, फक्त शेवट स्त्रीलिंगी. मानाने हाक मारायची तर नाव आणि वडिलांचं नाव, आपण ‘अण्णासाहेब’ म्हणू तसं. घरात लाडाचं नाव. दोस्तोव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव आईसाठी रोद्या असतो आणि त्याची बहीण अवदोत्या रोमानोव्हना घरात दून्या. चंद्रकांतचा चंदू होतो, तितकंच हे.

एक युक्ती सांगते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर घराण्याप्रमाणे नावं लिहा आणि तो पुस्तकात खूण म्हणून ठेवा. दीडशे पानांनंतर त्याची गरज उरत नाही, पण कागद टाकू नका. चारशे पानांनी एखादा परत उगवतो.

८. मराठी अनुवाद वाचावा की इंग्रजी?

मूळ पुस्तक रशियन किंवा फ्रेंच असेल, तर इंग्रजी हाही अनुवादच आहे. तेव्हा ‘मी ओरिजिनल वाचलं’ असं दोस्तोव्हस्कीबद्दल इंग्रजी प्रत दाखवून कृपया म्हणू नका.

बाकी हे पुस्तकागणिक बदलतं. पु. लं.चं ‘एका कोळियाने’ घ्या. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट, आणि शीर्षकातच आपल्या शाळेतल्या कवितेची ओळ येऊन बसलेली. पुस्तक उघडायच्या आधीच मराठी वाचक हसतो आणि तयार होतो. फॅन्टसीत तर अनुवादकाची खरी परीक्षा नावांत असते. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. मूळ ‘फिलॉसॉफर्स स्टोन’चं ‘तत्त्ववेत्त्याचा दगड’ असं केलं असतं, तर पुस्तक तिथेच बुडालं असतं. परीस म्हटलं की लोखंडाचं सोनं होतं हे मराठी पोराला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

माझी पद्धत अशी: दुकानात अनुवादाचं मधलंच एक पान उघडायचं आणि संवाद मोठ्याने वाचायचा. माणसं तसं बोलत नसतील, तर पुस्तक खाली ठेवायचं. दुकानदार विचित्र बघतात, बघू देत.

९. संक्षिप्त आवृत्ती वाचली. ती वाचली धरायची का?

सांगताना ‘संक्षिप्त’ म्हणा, म्हणजे झालं. अडचण येते ती आपण संक्षिप्त वाचतोय हे आपल्यालाच माहीत नसताना. ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ मुळात ११७ प्रकरणांची आहे. पॅरिसच्या एका दैनिकात १८४४ ते १८४६ ती क्रमशः येत होती. बाजारात तिच्या तिनशे पानी प्रतीही मिळतात आणि मुखपृष्ठावर छाटल्याचं चिन्ह नसतं. प्रकरणं मोजा. फुटपाथवरून मी स्वतः एक जाडजूड प्रत घेतली होती, पूर्ण असेल म्हणून. त्यात चाळीस पानं दोनदा होती आणि पुढची चाळीस नव्हती. ती मात्र कुठल्याच हिशेबात धरता येत नाही.

१०. ग्राफिक नॉव्हेल तासाभरात संपतं. मग त्यात वाचायचं काय? कॉमिक्सच ना ते?

कॉमिक्सच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. इंद्रजाल कॉमिक्सची बांधीव थप्पी अजून माळ्यावर ठेवलेली माणसं आमच्यात आहेत. आणि ‘नॉव्हेल’ या शब्दावरही फार जाऊ नका. आर्ट स्पीगेलमनचं ‘माउस’ त्याच्या वडिलांनी नाझी छळछावणीत काय भोगलं त्याबद्दल आहे. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. दुसरा खंड १९९१ मध्ये आला, तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्राने तो खपाच्या यादीत ‘कथात्म’ विभागात टाकला. स्पीगेलमनने पत्र लिहून तो तिथून हलवायला लावला. पुढच्या वर्षी ‘माउस’ला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

तासाभरात संपतं, कारण आपण फक्त संवादांचे फुगे वाचतो. एकदा शब्द वाचून झाले की पुन्हा पहिल्या पानावर या आणि या वेळी शब्दांकडे बघूच नका. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत काय घडलं असेल, ते तुम्ही भरायचं असतं. ‘वॉचमेन’ या मोठ्यांसाठीच्या सुपरहिरो-कॉमिक्सचं पाचवं प्रकरण असं वाचताना कळतं की त्याची मांडणी आरशासारखी आहे: पहिल्या पानाची शेवटच्याशी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी जोडी लागते. पहिल्या वाचनात हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि दिसलं नव्हतं.

आपल्याकडचं एकच निवडायचं तर ‘भीमायन’ (२०११). डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले प्रसंग दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड या आदिवासी चित्रशैलीत काढलेत. चौकोनी चौकटी नाहीतच. नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. फुगे बघा. ज्याचं बोलणं मायेचं, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या बोलण्यात विष, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. लहानगा भीम भावंडांबरोबर १९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांना भेटायला निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो, आणि जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही, वाटेत पाणी मिळत नाही. हा प्रसंग आपण पाठ्यपुस्तकात, भाषणांत ऐकलेला असतो. इथे तहान चित्रात आहे. आमच्यातल्या साताऱ्याच्या एक ताई ते पान उघडून बराच वेळ नुसत्या बसल्या, मग म्हणाल्या, “या स्टेशनवरून मी दर दिवाळीला गेलेय.” दोन मिनिटांचा नियम त्या दिवशी कुणी लावला नाही.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आणलीत, तर ती उजवीकडून डावीकडे वाचायची. बाइंडिंग उलटं आलं म्हणून परत करायला जाऊ नका. एकजण गेले होते.

११. मुलांना ग्राफिक नॉव्हेल द्यावं का? चित्रंच तर आहेत.

आधी स्वतः वाचा. ‘चित्रंच तर आहेत’ असं म्हणून मी माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याच्या हाती ‘वॉचमेन’ दिलं होतं. बहीण अजून अधूनमधून आठवण काढते.

१२. ऑडिओबुक ऐकलं तर ‘वाचलं’ म्हणता येईल?

येईल. आपल्याकडे पोथी एक जण वाचायचा आणि अख्खा वाडा ऐकायचा. ऐकणाऱ्यांना कुणी ‘तुम्ही कुठे वाचलीय’ असं म्हटलं नाही. फक्त पान क्रमांकाऐवजी प्रकरण सांगा. ग्राफिक नॉव्हेलला ही सवलत नाही, कारण उघड आहे.

१३. पुस्तकाची पीडीएफ कट्ट्याच्या ग्रुपवर टाकू का?

लेखक जाऊन किती वर्षं झाली ते मोजा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. हरी नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांचं लेखन मोकळं आहे. टॉल्किन २०३३ संपेपर्यंत नाही, जी. ए. २०४७ संपेपर्यंत नाहीत.

लोक चुकतात ते अनुवादात. टॉलस्टॉय कधीचा मोकळा आहे, पण काल-परवाच्या अनुवादकाचे शब्द मोकळे नाहीत. जुनी इंग्रजी क्लासिक्स प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आणि कायदेशीर मिळतात, त्याची लिंक टाका. बाकीच्यांसाठी खाली ग्रंथालय आहे. जिना उतरलं की डावीकडे.

१४. दीडशे वर्षं जुन्या कादंबरीचा शेवट सांगितला म्हणून लोक रागावतात. हे अति नाही का?

तुमचा मुद्दा कळतो. कर्णाचं चाक रुतणार हे माहीत असूनही आपण दर वेळी थांबतो. शेवट कळल्याने चांगली गोष्ट मरत नाही. तरी ‘ॲना कारेनिना’ पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसासाठी ती आजच लिहिलेली असते. नियम साधा: बोलण्याआधी ‘हे कोण वाचतंय, कुठवर आलात?’ असं विचारायचं. कुणी हात वर केला, तर त्याच्या पानाच्या पुढचं बोलायचं नाही. मालिका टीव्हीवर बघितलेल्यांना हाच नियम दुप्पट लागू.

१५. पुस्तक दोन-तीन प्रकारांत बसत असेल तर?

अमृता पाटील यांचं ‘आदिपर्व’ (२०१२) घ्या: गोष्ट महाभारताची, म्हणजे अभिजात, स्वरूप ग्राफिक नॉव्हेलचं, सांगणारी साक्षात गंगा. पुढच्या ‘सौप्तिक’मध्ये सांगणारा अश्वत्थामा. तुम्हाला ज्या अंगाने बोलायचं, त्या खणात टाका. महाभारतालाच फॅन्टसी म्हणायचं का, यावर एकदा चहा गार होईपर्यंत वाद झाला. तेव्हापासून ठरलंय: ज्या ग्रंथाची घरी पूजा होते, त्याला इथे लेबल लावायचं नाही. त्यावर लिहिलेल्या कादंबरीला मात्र लावता येतं.

१६. लेखकानेच नंतर पुस्तक बदललं असेल, तर कोणती आवृत्ती खरी?

हा प्रश्न क्वचित येतो, पण येतो तेव्हा मजा येते. ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाशिवाय निघालं आणि १८३१ मध्ये मेरी शेलीने ते बरंच फिरवलं. आज दोन्ही मिळतात, प्रतीच्या पहिल्या पानांत बघा. ‘मॉबी-डिक’ची लंडनची पहिली आवृत्ती उपसंहाराशिवाय छापली गेली, आणि जहाज बुडालं तर ही गोष्ट सांगायला कोण उरलं म्हणून तिथल्या समीक्षकांनी लेखक मेल्व्हिलला धारेवर धरलं.

सगळ्यांत गमतीदार ‘हॉबिट’. पहिल्या आवृत्तीत कोड्यांच्या पैजेचं बक्षीस म्हणून गोलम नावाचा प्राणी नायक बिल्बोला स्वतःच अंगठी द्यायला तयार असतो. पुढच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये अंगठी इतकी भयंकर निघाली की ते जमेना. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत टॉल्किनने ते प्रकरण बदललं, आणि आधीची हकिगत ही बिल्बोने मारलेली थाप होती असं ठरवून टाकलं. तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत १९५१ च्या आधीची प्रत सापडली, तर रविवारी घेऊन या. चहा माझ्याकडून.